दुधाच्या वाटीतला दात
देवापुढे दुधाची वाटी ठेवली की दिघीच्या शाळेतील एक दुपार आठवते. मी तेथे संस्कृत शिकवीत असे. खो-खो खेळताना पडून पाचवीतील एका मुलीचा पुढचा दात मुळासकट निखळला. दुधाचा दात छपरावर टाकण्याची आपली रीत. त्याच सवयीने तो उचलून मी पत्र्याकडे हात उगारला. "सर, टाकू नका! पक्का दात हाय, परत बसतो. दुधात ठेवा!" रक्ताळल्या तोंडाने तीच म्हणाली, "दाताच्या डॉक्टरबाई शिकवायला आल्या, तवा तुमी ऐकलं न्हाई व्हय?" आठवड्यापूर्वीच्या त्या तासाला ती डॉक्टरबाईंच्या भीतीने रडत होती, तरी ऐकत होती; मी मात्र मागे वह्या तपासत होतो. शिपाईमावशींनी चहासाठीचे थंड दूध वाटीत आणले. अर्ध्या तासात दवाखान्यात दात बसविला गेला आणि पुढे रुजलाही. आज नैवेद्य दाखविताना देवाआधी त्या चिमुकल्या गुरूला वंदन घडते.