मागे काही लागलं का?

मी ड्रायव्हर चांगला होतो. स्वतःची टिमकी वाजवत नाही, डेपोत कुणीही हेच सांगितलं असतं. अंधेरीहून आरे कॉलनीतून गोरेगावला जाणारी बस मी ऐंशीच्या दशकात बरीच वर्षं चालवली. रस्ता झाडीतला आणि वळणांचा, मध्येच म्हशी आडव्या यायच्या आणि काही ठिकाणी डांबर नावालाच असायचं. तरी माझ्या गाडीत उभ्या माणसाच्या हातातला चहासुद्धा सांडला नसता. म्हणूनच पुढचं सांगायची मला लाज वाटत नाही. जो मुळातच बेफिकीर चालवतो, त्याच्या वाट्याला असलं काही येत नाही.

थंडीतली सकाळ होती आणि धुकं पडलं होतं. तबेल्यांजवळच्या वळणावर मागचं चाक कशावर तरी चढलं आणि उतरलं. जे काही होतं ते मऊ होतं. मी गाडी थांबवून धावत मागे गेलो. कुठल्या तरी टेम्पोतून पडलेलं कोंड्याचं पोतं फुटून रस्ताभर पसरलं होतं. प्रवासी हसले, कंडक्टर हसला, मीही हसलो. परत स्टिअरिंगवर बसलो तेव्हा मात्र हसू जिरलं. पोतं मला दिसलंच नव्हतं. मग तिथे माणूस असता तर तो तरी कुठे दिसला असता?

दुसऱ्या दिवसापासून रस्त्यातला प्रत्येक खड्डा माणूस झाला.

माझा कंडक्टर मूळचा साताऱ्याकडचा, राहायला घाटकोपरला, आणि बोलायला अगदी फटकळ. आम्ही तीन वर्षं जोडीने ड्युटी करत होतो. माझ्या पाठीमागे जाळीची छोटी खिडकी होती. तिच्यातून मी त्याला विचारायचो, "मागे काही लागलं का रे?" तो सांगायचा, खड्डा होता. मला बरं वाटायचं, पण पुढच्या खड्ड्यापर्यंतच. मग ड्युटी संपली की मी भाड्याची सायकल काढून सगळा रस्ता पुन्हा पालथा घालू लागलो. कडेच्या गवतात वाकून बघायचो. एकदा पाड्यावरच्या एका बाईने विचारलं की काय हरवलं. मी म्हटलं, किल्ली. ती बिचारी अर्धा तास माझ्याबरोबर नसलेली किल्ली शोधत होती. घरी आलो की पेपरात अपघाताची बातमी शोधायची. बातमी नसली तर वाटायचं, अजून प्रेत सापडलं नसेल.

इथवर ठीक होतं. जास्तच काळजी करतो, एवढंच लोकांनी म्हटलं असतं. त्याच्या पुढचं मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. आम्ही मरोळला राहायला गेलो तरी तिची शाळा जुनीच राहिली, गोरेगावची. ती माझ्याच बसने जायची. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट तिची ठरलेली, आणि शाळेत ती सांगायची की ही बस आमची आहे. एका सकाळी मी गाडी स्टॉपला लावत होतो. रांगेत मुलं उभी होती, त्यांत तीही होती. आणि डोक्यात सरळ आलं, ओढ स्टिअरिंग डावीकडे, घाल गाडी यांच्या अंगावर. ना कसला राग, ना काही कारण. हात जागचे हलले नाहीत, पण पाठीवरून घामाच्या धारा लागल्या. मी देवाधर्माचा माणूस, दारूला शिवत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आतून हा असा निघालो? मला वाटलं, पोत्याच्या दिवसापासून ज्याची भीती वाटतेय तेच आपल्याला हवं असणार. चांगल्या माणसाच्या मनात असलं येईलच कसं?

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं की उद्यापासून हिला आधीच्या गाडीने पाठव, माझ्या गाडीला गर्दी फार असते. ती गाडी पाऊण तास आधी निघायची. पोर शाळा उघडायच्या आत पोचायची आणि शिपाई येईपर्यंत पायरीवर बसून राहायची. असे दोन-अडीच महिने गेले. मी घरातही तिच्यापासून लांब राहू लागलो. ती अंगावर पडायला आली की मी काहीतरी काम काढून उठायचो. माझ्या हातांचा मला भरवसा वाटत नव्हता.

घरात आमची मालवणीच चालायची. एका रविवारी बायको भांडी घासता घासता पोरीबद्दल म्हणाली, "चेडू काय म्हणता तुमका म्हायत आसा? बाबांका मी नको."

मला जेवण गेलं नाही. मी ठरवलं की चाक सोडायचं, डेपोत मिळेल ते काम घ्यायचं. सोमवारी गोरेगावच्या चहावाल्याकडे मी कंडक्टरला हे सांगितलं आणि कशासाठी तेही सांगून टाकलं. पोतं आणि सायकल तर सांगितलीच, रांगेतल्या मुलांचंही काही लपवलं नाही. त्याने शांतपणे चहा संपवला. मला वाटलं, आता हा उठून साहेबांकडे जाणार.

"मला पण येतो," तो म्हणाला.

मी विचारलं, काय येतो?

"असला विचार. म्हातारीचा एक पाय फूटबोर्डवर असतो, दुसरा अजून खाली. दोरी माझ्या हातात. वाटतं, मारावी डबल बेल."

एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे निघ, हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. तेव्हा तो काय म्हणतोय ते मला नीट कळलं. मग तू काय करतोस, असं मी विचारलं.

"काय करणार? ती चढते, मी तिकीट देतो. डोक्यात काय पण येतं यार. त्याचं पण तिकीट फाडायचं काय?"

या माणसाने कितीतरी म्हाताऱ्यांना दंडाला धरून गाडीत घेतलेलं मी पाहिलं होतं. त्याला खुनी म्हणायला मी काही केल्या तयार नव्हतो. मग स्वतःला तरी कोणत्या तोंडाने म्हणणार? कित्येक आठवड्यांनी मला मोकळा श्वास घेता आला.

पण त्याचं दुसरं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. तो म्हणाला, आजपासून मागे काही लागलं का म्हणून विचारायचं नाही, आणि सायकलही बंद. एवढ्या वेळा सांगितलं, तुझं पोट भरलं का? काही झालंच तर मी धडाधड बेल मारीन. नाही मारली तर गाडी चालव. मी म्हटलं, अरे, पण खरंच काही झालं आणि तुलाही दिसलं नाही तर?

"तर नाही दिसलं. मी काय देव आहे? तू तरी कुठे आहेस?"

पहिला दिवस भयंकर गेला. उतारावर गाडी खाड्‌कन आपटली आणि माझ्या तोंडून सवयीने प्रश्न गेलाच. जाळीतून पाहिलं तर कंडक्टरसाहेब तिकिटं फाडत होते, मान वर नाही. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तरी गाडी पुढे नेली. गोरेगाव आलं. मागे कुणी मेलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. ते माहीत नसताना मी परतीची फेरीही केली. संध्याकाळी सायकलवाल्याच्या दुकानासमोरून तोंड फिरवून घरी गेलो आणि तासभर नुसता खाटेवर बसून राहिलो.

असं रोज केलं. विचार यायचे बंद झाले असं सांगितलं तर ते खोटं होईल. ते यायचे आणि मी गिअर बदलायचो. मी त्यांच्याशी भांडत नव्हतो आणि आपण चांगले आहोत हे त्यांना पटवतही नव्हतो. महिन्याभरात त्यांचा जोर ओसरला. तेव्हा मी बायकोला म्हटलं, उद्या हिला माझ्या गाडीने पाठव. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डबा भरायला घेतला.

सकाळी पोर रांगेत उभी होती. गाडी स्टॉपला लावताना तो विचार आलाच, अगदी तसाच्या तसा. घामही आला. मी गाडी कडेला लावली, रोज लावतो तशी. ती चढली, पण पहिल्या सीटवर आली नाही. तोंड फुगवून मागे कुठेतरी जाऊन बसली. तिचा राग रास्तच होता. मला फार वाईट वाटलं, पण रस्ता वळणांचा होता आणि मला तिकडे बघायचं होतं.

गोरेगावला शाळा रस्त्याच्या पलीकडे होती. उतरलेली मुलं नेहमी गाडीच्या पुढून रस्ता ओलांडायची. सगळी गेली आणि माझी शेवटी निघाली. इंजिन चालू होतं, पाय ब्रेकवर होता, आणि ती बरोबर माझ्या समोर आल्यावर थांबली. बुटाची नाडी सुटली होती म्हणून बाईसाहेब भर रस्त्यात खाली वाकल्या. मागे गाड्या तुंबल्या, गाडीतली माणसं कुरकुरू लागली. नाडी काही बांधून होईना. शेवटी माझं डोकं फिरलं आणि कुठल्याही पोराला दिला असता तसा मी तिला जोरात हॉर्न दिला. ती दचकून सरळ झाली, माझ्याकडे डोळे वटारले आणि एक बूट फरफटत पळाली.

संध्याकाळी मी दारात चपला काढत होतो, तर आत तिची आईकडे तक्रार चालली होती की बाबांनी सगळ्यांच्या देखत मला हॉर्न मारला. आई म्हणाली, रस्त्यात उभी राहशील तर मारणारच. तिचं त्याने समाधान झालं नाही. मला पाहताच ती ताडताड चालत आली, माझ्या पोटात दोन गुद्दे घातले आणि तिथेच कमरेला मिठी मारून उभी राहिली. मी माझे दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले.