तिळाची दोन बोटं

देवाला बोललेला नवस अर्ध्यावर टाकून उठून गेलेली बाई, असं माझं नाव आमच्या गावात काही दिवस निघत होतं. लोकांचं सोडा, मलाही कितीतरी दिवस देवासमोर मान वर करून उभं राहवत नव्हतं. घेतलेलं काम पुरं न करता सोडणं माझ्या स्वभावातच नाही. म्हणून ही हकीकत सांगायला मला बरीच वर्षं लागली.

मागची लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. माझे वडील शाळामास्तर, त्यामुळे मी चौथीपर्यंत शिकले, आणि लिहिता येतं म्हटल्यावर सगळंच लिहून ठेवायची खोड मला लागली. कोणत्या बांधीत कोणतं धान लावलं, कोणत्या मडक्यात कसलं बियाणं आहे, लग्नाला कोणाकडून कोणती भांडी आणली, सगळ्याची यादी. आमचे हे सगळ्यांसमोर म्हणत, "यमाचे दूत आले त ही त्याइले बी विचारन, यादीत माझं नाव कितवं होय जी?"

आमचं गाव तिरोड्यापासून दोन कोसांवर, बोदलकसाच्या वाटेला. गावच्या तलावाची पाळ आमच्या घरच्याच पूर्वजांनी बांधली, आणि त्या पाळीवर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. माझी मुलगी कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दोन दिवस अडून राहिली, तेव्हा मी त्या महादेवालाच नवस बोलले. तोही मोजूनमापून. लेकरू सुखरूप येऊ दे, त्याच्या तोंडात आईच्या दुधानंतर पहिला घास तुझ्या प्रसादाचा जाईल. तीळ-गुळाची पाच बोटं त्याचा मामा तुझ्यासमोर चाटवील. मुलगी झाली. गोरीगोमटी, हसरी, कोणाकडेही झेप घेणारी. तिला सगळे बाळीच म्हणत. सहा महिने ती आमच्या घरात होती आणि त्या सहा महिन्यांत माझ्या याद्यांचे कागद तिने चघळले नाहीत असा आठवडा गेला नाही.

कमलच्या सासूचा निरोप आला की संक्रांत झाली की सुनेला आणि नातीला न्यायला येतो. विहीणबाई करड्या. नातीच्या अंगावर ओरखडा दिसला तरी सहा महिन्यांचा हिशेब मागतील अशी मला धास्ती. म्हणून संक्रांतीनंतरचा पहिलाच सोमवार मी नवसासाठी धरला. तीळ स्वतः निवडले, भाजले, पाट्यावर गुळाबरोबर लोण्यासारखे मऊ वाटले. बाळीला दात नव्हते ना.

सकाळी आम्ही पाळीवर गेलो. देवळाच्या पायऱ्यांपाशी मोहाच्या झाडाखाली एक मासे विकणारी ढिवरीण झिंग्यांची टोपली घेऊन बसली होती. दुसऱ्या गावची असावी, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला तो वास देवकार्यात नको होता.

"बाई, टोपली तिकडे ने ना. आज सोमवार होय, दिसून नाही राहिलं काय?" मी म्हणाले.

"बरं जी. उन्ह लागून राहिलं म्हणून बसली," असं म्हणून तिने टोपली उचलली आणि देवळाच्या दारासमोर, पाळीच्या उतारावर उन्हात जाऊन बसली. माझ्या बोलण्यात जो ताठा होता तो आज आठवला की मला स्वतःचीच लाज वाटते.

माझा मुलगा गणपत बाळीला मांडीवर घेऊन दारातच बसला. प्रत्येक बोटाला एक बेलपान वाहायचं आणि अकरा वेळा देवाचं नाव घ्यायचं असं ठरलं होतं. पहिलं बोट चाटल्यावर बाळीने असं काही तोंड केलं की पुजारीबुवासुद्धा हसले. "मामानं एरंडेल देल्लं वाटते," कोणीतरी म्हणालं. दुसरं बोट मात्र तिने मिटक्या मारत चाटलं आणि गणपतचं बोटच धरून ठेवलं. मी तिसरं बेलपान उचललं. नाव घेता घेता माझ्या लक्षात आलं की बाळी दोन्ही मुठींनी तोंड चोळते आहे.

"माय, इचे ओठ पाह ना," कमल म्हणाली.

ओठांभोवती लाल झालं होतं. बघता बघता गळ्यावर गांध्या उठल्या, मधमाशा डसाव्यात तशा. एक पापणी सुजली. जमलेल्या बायकांत कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं मिरच्या ओवाळा. पुजारीबुवा चिंतेने म्हणाले, "नवस मधात तुटला त बरं नाही. पाची बोटं होऊ द्या, देव सांभाळून घेईन."

आणि इथे मला खरं तेच लिहायचं आहे. मला तेच पटलं. दोन झाली होती, तीन राहिली होती. माझ्या डोक्यात तो आकडाच उभा होता.

"गणपत, दे तिसरं," मी म्हणाले.

"माय, जरासक थांबू का?"

"देवाच्या प्रसादानं काय होते? दे."

त्याने बोट वाटीत बुडवलं. तेवढ्यात खालून ओरडा आला, "ए बाबू! देऊ नोको!" ती ढिवरीण टोपली तिथेच टाकून उतार चढून धावत आली, आणि कोणी अडवायच्या आत तिने देवळाच्या दारात येऊन गणपतचं मनगट धरलं.

"काऊन देऊन राहिले अजून? लेकरू मारता काय?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग पदराचं टोक ओलं करून बाळीच्या तोंडातला, हिरड्यांवरचा तीळ पुसून काढू लागली. पुजारीबुवा काही बोलणार होते, पण तेवढ्यात बाळीने भडाभडा ओकारी केली आणि तिच्या श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला. कमल तिला मांडीवर आडवं करू गेली.

"आडवी नोको करू, माय. उभीच धर, खांद्यावर. पाणी नोको, दूध नोको, काहीच पाजू नोको. तिरोड्याले दवाखान्यात चला, आत्ताच." आणि आम्ही सगळे बघतच राहिलो म्हणून तिने सांगितलं, "आमच्या पोट्ट्याले झिंगे खाल्ले की अस्संच होते."

त्या तशा वेळीही मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"हासा, हासा. आमचं गाव बी हासलं. ढिवराचा पोट्टा अन् झिंग्याले भेते! म्हणून मीनं दुसऱ्या खेपेस जबरीनं चारले. मरता मरता वाचला थो."

गणपतने छकडा जुंपला. मी, कमल आणि ती बाई बसलो. तिला चल म्हणायचं भान मला नव्हतं. ती आपणहून चढली.

त्या दोन कोसांच्या वाटेवर मला करण्यासारखं काहीच नव्हतं. आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. काही उचलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, लिहायचं नाही. बाळी कमलच्या खांद्यावर, तिचा प्रत्येक श्वास आम्ही तिघी ऐकत होतो. ढिवरीण मधूनमधून तिच्या ओठांचा रंग बघे आणि म्हणे, "घेऊन राहिली जी, श्वास घेऊन राहिली." माझ्या ओठांवर सवयीने नवा नवस आला होता. हिला वाचव, मी अमुक करीन. पण तो बोलताच येईना. ज्याच्याशी मी मघाशी पाच बोटांचा सौदा पुरा करायला निघाले होते, त्याला आता काय देऊ म्हणायचं? मी एवढंच म्हणाले, देवा, मला काही कळत नाही. तुझी आहे, तू बघ. त्याआधी मी कधी देवाला असं काहीच न ठरवता काही म्हटलेलं नव्हतं.

तलावाखालची शेवटची बांधी मागे पडली आणि सडक लागली, तेव्हा ती शिटी जरा मंद झाल्यासारखी वाटली. मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ. पण थोड्या वेळाने बाळीने सुजलेल्या पापणीतून त्या बाईकडे बघितलं आणि हात लांबवून तिच्या गळ्यातली मण्यांची माळ धरली. "घ्या," बाई म्हणाली, "मालकीणबाई जाग्या झाल्या." कमल रडता रडता हसली. मी मात्र तेव्हा रडले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. ते म्हणाले की काही जणांच्या शरीराला एखादा पदार्थ मानवतच नाही, चांगला असला तरी. हिला तीळ मानवत नाही. एक दाणा नको, तेलही नको. पुढच्या वेळी याहून जास्त होऊ शकतं, तसं झालं तर घरी उपाय करत बसू नका, लगेच आणा. तेलाचं नाव निघालं तसं आम्हा मायलेकींना आठवलं, तिळाच्या तेलाने चोळलं की बाळीच्या कोपराच्या वळ्यांत लाल चट्टे उठायचे. पौषाच्या थंडीत मी त्याला घामोळं म्हटलं होतं.

परतलो तेव्हा पाळीवर बगळ्यांनी टोपली साफ केली होती. ढिवरीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बगळ्याइनं सोमवार मोडला जी!" तिला जेवायला थांब म्हटलं तर घरी पोरगा वाट पाहत असेल म्हणून निघून गेली. मला तिच्या पाया पडायचं होतं. पण चार लोक उभे होते, आणि माझं धाडस झालं नाही. हीसुद्धा खरी गोष्ट आहे.

पुढच्या सोमवारी मी विचारत विचारत तिच्या गावी गेले आणि तिच्या अंगणात तिच्या पाया पडले. ती दचकून मागेच सरली.

"कायले पाया पडून राहिली, बाई? मीनं काय केलं?"

"मी तुला उन्हात हाकललं होतं," मी म्हणाले.

ती हसली. "मंग बरंच झालं की. मोहाखाली बसली असती त मले भिंतच दिसली असती. तिथून लेकराचं तोंड दिसत होतं."

मी घरी येईपर्यंत वाटेत तेच ऐकत होते. माझा ताठा, माझं हटकणं, तेही देवाने वाया जाऊ दिलं नाही. याला चमत्कार म्हणायचं की नाही हे मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवावंसंही वाटत नाही. पुजारीबुवांनी राहिलेल्या तीन बोटांचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "बुवा, त्यालाच दोन पुरली. मी जास्त देणारी कोण?" ते म्हणाले, "बरोबर होय."

फाल्गुनात बाळी कमलच्या सासरी, म्हणजे स्वतःच्या खऱ्या घरी, निघाली. मी विहीणबाईंना झालेलं सगळं सांगितलं, काही न लपवता. तिळाचे पदार्थ, तेल, झालं तर काय करायचं, असा दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो घडी करून कनवटीला लावला आणि गाडीत बसल्या. गाडी वळेपर्यंत बाळी माझ्याकडे हात करत होती. इथून पुढे तिच्या तोंडात काय जातं हे मी बघू शकणार नव्हते. छकड्यात जे म्हणाले होते तेच पुन्हा म्हणाले, आणि पुढचं वर्षभर रोज म्हणत राहिले. रोज तितकंच अवघड गेलं.

मग संक्रांतीनंतर जावयांचं पत्र आलं. बाळी चालायला लागली, अंगणभर फिरते, हाती लागेल ते तोंडात घालते, असं लिहिलं होतं. आणि खाली: "आईनं यंदा घरात तीळच आणले नाहीत. वाण लाह्यांच्या लाडवांचं दिलं. शेजारणी म्हणाल्या, बुढी कंजूस झाली. आई म्हणाली, माझी नात खात नाही त माझ्या घरी कोनीच खात नाही. ज्याले तीळ पाहिजे त्यानं आपल्या घरी खावा."

ज्या बाईची मी वर्षभर धास्ती घेतली तिने माझ्या कागदात नव्हतं तेही केलं होतं. मी पत्र घेऊन पाळीवर गेले. महादेवासमोर ते मोठ्याने वाचून दाखवलं, जणू त्याला ठाऊक नसावं. मग हात जोडले. मागायला काही सुचलं नाही, द्यायलाही नाही. पाण्यावरून गार वारा येत होता. तशीच थोडा वेळ बसले, आणि उठून घरी आले.