ग्लेनिसचा हात

ग्लेनिस पास्को आमच्या बुर्राबिन क्रिकेट क्लबची एकतीस वर्षं स्कोअरर आहे आणि मी जवळपास तितकीच वर्षं पंच. खेळाडू येतात, जाड होतात, जातात; आम्ही दोघं आपापल्या जागी. माझा एक नियम आहे. मी कुठलीही खूण केली, म्हणजे षटकाराला हात वर केले, की धावफलकाच्या टपरीतून स्कोअररने हात वर करून ‘पाहिलं’ असं कळवायचं. तो हात दिसेपर्यंत मी माझे खाली घेत नाही. बाकीचे पंच घेतात. त्यांचं त्यांना लखलाभ.

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी मी असे हात वर केले आणि तसाच उभा राहिलो. गोलंदाज चेंडू घेऊन खोळंबला. माझ्या नाकावर माशा बसल्या. शेवटी आमचा कॅप्टन लॉकी ओरडला, “ग्लेनिस! कॉलिनवर कपडे वाळत घालू का आता?”

ग्लेनिस मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवायचा खेळ खेळत होती.

हे दोन वर्षं चाललं होतं. तिचा नवरा रॉन वारला आणि पर्थच्या मुलाने तिला तो मोबाइल पाठवला. मग जेवताना मोबाइल, बेकरीच्या रांगेत मोबाइल, एकदा तर एका अंत्यविधीत गोळ्या फुटल्याचा टुणटुण आवाज. मी रागावलो तेव्हा म्हणाली, “घरात काहीतरी बोलतं तरी, कॉलिन.” मला फार वाईट वाटलं. तिला मात्र म्हणालो, “तंबूतला चहा गार होतोय.” मी असाच आहे.

त्या षटकारानंतर लॉकीने स्पष्टच सांगितलं, “फायनलपर्यंत हे खूळ घालव. नाहीतर पुढच्या मोसमात धावांची वही दुसऱ्याच्या हातात. वही चुकली की मॅच चुकते, ग्लेनिस.” तिचा चेहरा पडला. शनिवारची ती टपरी गेली तर तिच्याकडे आठवड्यात उरत होतं काय?

तिने मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवून पाहिला. नंतर बरेच दिवस मोबाइलला पीठ लागलेलं दिसायचं. मग औषधांच्या दुकानातल्या बाईने शेजारच्या गावातल्या इंग्रिडचं नाव सुचवलं. ही पूर्वी दाताच्या डॉक्टरकडे नर्स होती, आता संमोहनाने लोकांच्या सवयी सोडवते. गाडी मी चालवली आणि साठ किलोमीटरभर ‘सगळी थोतांडं’ म्हणत राहिलो.

“तू आत बस,” दारात ग्लेनिस म्हणाली. “मी कोंबडीसारखी ओरडायला लागले तर थांबव मला.”

इंग्रिड हसली. “तसलं काही नाही हो. तुम्ही झोपणारसुद्धा नाही. सगळं ऐकू येईल, आणि तुम्हाला नको ते मी करवू शकत नाही. मला सांगा, हात मोबाइलकडे जातो त्याच्या आधी काय वाटतं?”

ग्लेनिसने मोबाइल पर्समध्ये टाकला. “कुणीच नाहीये असं वाटतं.”

“आणि त्या हाताला मनापासून आवडणारं काम कोणतं?”

“पंचाला उत्तर देणं,” ती लगेच म्हणाली. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

मग इंग्रिडने तिला डोळे मिटायला लावलं. श्वास, खांदे, पापण्या, असं हळू आवाजात सांगत गेली. “मोबाइलची ओढ लागली की हात वर जाईल, एक श्वास घ्याल, समोर कोण आहे ते बघाल.” ग्लेनिसच्या मांडीवरचा हात खरंच सावकाश उचलला गेला. पुढचं मला ठाऊक नाही. मला इंग्रिडने हलवून उठवलं.

“हा घोरत होता,” ग्लेनिस म्हणाली. “याची कोणती सवय सुटली?”

चार खेपा झाल्या, शिवाय रोज संध्याकाळी घरी सराव. गोळ्या हळूहळू बंद पडल्या. हात मात्र कुठेही वर जाऊ लागला. बेकरीत गेला आणि नको असलेले सहा पाव मिळाले. मेंढ्यांच्या लिलावात गेला आणि एक म्हातारा मेंढा तिच्या नावावर झाला. विकणाऱ्याने तो परत घ्यायला साफ नकार दिला. पण हात वर गेला की ती समोरच्याकडे बघायची आणि बघितलं की बोलायची. मेंढ्याला चारा घालायच्या निमित्ताने निम्मं गाव तिच्या अंगणात येऊ लागलं.

मार्चमध्ये पाइन फ्लॅटशी फायनल. आम्ही १८७ केल्या. त्यांनी शेवटच्या चेंडूवर एक धाव पळून काढली आणि फलकावर १८७ लागल्या. बरोबरी! साखळीत आम्ही पहिले, म्हणजे कप आमचा. पोरांनी लॉकीला खांद्यावर घेतलं.

फलकाची बटणं टपरीत ग्लेनिसच्या शेजारी बसलेला पाइन फ्लॅटचा स्कोअरर क्लाइव्ह दाबत होता. फलक टपरीच्या छतावर, त्यामुळे आत बसलेल्याला तो दिसत नाही. ग्लेनिस वही घेऊन बाहेर आली, वर बघितलं आणि थबकली.

“पाइन फ्लॅटच्या एकशे अठ्ठ्याऐंशी,” ती म्हणाली. “त्यांच्या तेविसाव्या षटकात एक लेगबाय आहे.”

“माझ्याकडे नाही,” क्लाइव्ह म्हणाला.

“मी तुला सांगितलं होतं. तू ‘हो हो’ म्हणालास, नि मोबाइलमध्ये घोड्यांची शर्यत बघत होतास.”

सगळे माझ्याकडे वळले. पॅडला चेंडू लागून मिळालेली ती धाव, तो लेगबाय, मला लख्ख आठवत होता. लेगबायची खूण म्हणून गुडघ्याला हात लावून मी उभा होतो आणि टपरीतून एक हात वर आला होता. एकच. मी म्हणालो, “वही बरोबर आहे. कप पाइन फ्लॅटचा.”

आमच्या पोरांनी लॉकीला खाली उतरवलं. ग्लेनिस वही छातीशी धरून उभी होती. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं, क्लाइव्हला तर नाहीच. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी टोपी काढून उगाच झटकली.

लॉकी तिच्यासमोर आला. “अकरा वर्षांनी मिळत होता कप, ग्लेनिस.”

“माहितीय.”

“नक्की होता लेगबाय?”

“मी पाहिला, लॉकी.”

त्याने तिच्या हातातली वही घेतली, तेविसावं षटक उघडून बोट ठेवलं, आणि वही मिटून पुन्हा तिच्याच हातात दिली.

“नवा मोसम, ऑक्टोबरचा पहिला शनिवार,” तो म्हणाला. “साडेबाराला ये. आणि येताना तो मेंढा आणू नकोस.”