बाटलीतला रॉप

देवळीच्या बसस्टँडसमोर महादेवरावांचं कृषी केंद्र आहे. तिथं येणारा शेतकरी आधी काउंटरवर कोण बसलंय ते बघतो. महादेवराव असले तर सरळ आत येतो. त्यांची सून जया असली तर उंबऱ्याशीच घुटमळतो. बाईच्या जिभेला धार आहे, हे लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात गावाला कळून चुकलं होतं.

जयाचं माहेर सिंदी मेघेचं. नागपुरात राहून तिनं कापसाच्या धाग्यावर पीएच.डी. केली. नोकरीसाठी चारदोन मुलाखती दिल्या, जागा आधीच भरलेल्या निघाल्या, मग लग्न झालं आणि ती दुकानात बसू लागली. बायका हळहळून म्हणत, "एवढं शिकून शेवटी युरियाच्या पोत्यांपाशी." जया म्हणे, "कॉलेजातही पोतीच होती. फक्त खुर्च्यांवर ठेवलेली."

कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची ती इवलीशी पेशी लांबत जाते आणि तिचा धागा होतो. तिनं किती वाढायचं, कोणत्या दिशेनं वाढायचं, यावर नजर ठेवणारी बारकी प्रथिनं असतात. त्यातल्या एका जातीला रॉप म्हणतात. हे प्रथिन बटणासारखं चालतं. जीटीपी नावाचा कण धरला की चालू, तो तोडला की बंद. याचीच भावंडं माणसाच्या पेशीत कुठे वाढीचा हुकूम देतात, कुठे मालाची पुडी योग्य दारी पोचवतात. सगळ्या घराण्याला मिळून लघु जीटीपेज म्हणतात. जयानं ऐन उमेदीची वर्षं या बटणामागे घालवली होती. नवरा गोपाल हे सगळं मन लावून ऐकायचा आणि ऐकता ऐकता घोरू लागायचा.

दोन वर्षांमागे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्यांवर, कळ्या धरायला आली असताना धर्मेंद्र नावाचा एक कंपनीवाला दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यानं काउंटरवर हिरवी बाटली ठेवली. वर सोनेरी अक्षरांत 'रॉप गोल्ड'.

"यात जीटीपेज आहे मॅडम," तो म्हणाला. "फवारलं का स्विच चालू. धागा लांबतच जाते."

जयानं बाटली उचलून उजेडात धरली. "म्हणजे प्रथिन पाण्यात घोळलं, पानावर शिंपडलं, आणि ते पानाची कातडी फोडून, बोंडात शिरून, पेशीत जाऊन बसलं?"

"एकदम बरोबर."

"मग डाळीचं वरण केसांवर ओता. डोक्यात अक्कल शिरते का बघा."

धर्मेंद्र हसला. अशी माणसं अपमानावर हसतात, कारण त्यांना पुढच्या दुकानात जायचं असतं. पण महादेवराव हसले नाहीत. ते बाटलीकडे बघत होते.

त्याच आठवड्यात कंपनीनं मंगल कार्यालयात शेतकरी मेळावा भरवला. "चाल, ऐकून तर घेऊ," म्हणत सासऱ्यांनी तिला नेलं. मंचावर कोट घातलेले एक साहेब होते, त्यांना सगळे शास्त्रज्ञ म्हणत होते. पडद्यावर चित्र आलं. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे हिरवे तंतू. जयानं ते पाहिलं आणि तिची कानशिलं तापली. ते चित्र तिनंच सूक्ष्मदर्शकाखाली काढलं होतं, तिच्या प्रबंधातलं होतं. आणि चोरांनी ते उलटं लावलं होतं. कोपऱ्यातले मापाचे आकडे डोक्यावर उभे होते. चोरी करायलाही थोडं वाचता यावं लागतं, असं तिच्या मनात आलं.

साहेबांचं भाषण संपल्यावर ती उभी राहिली.

"हे बटण सतत चालूच राहिलं तर पेशीचं काय होतं?"

"उत्तम वाढ होते," साहेब म्हणाले.

"नाही. दिशा सुटते आणि पेशी फुगते, फुग्यासारखी. माणसात याच घराण्यातलं एक बटण अडकलं की कॅन्सर होऊ शकतो. या प्रथिनाचं अर्धं काम बंद होण्यात आहे. तुमच्या बाटलीत ते बंद कोण करतं?"

साहेब घोटभर पाणी प्यायले. "ताईंनी फार सुंदर मुद्दा मांडला," ते म्हणाले. "आमचं औषध चालूही करतं आणि गरज पडली की बंदही. ताईंसाठी टाळ्या."

टाळ्या पडल्या. चित्राबद्दल बोलायला जयानं तोंड उघडलं, तोवर जेवणाच्या पंगतीसाठी खुर्च्या सरकू लागल्या होत्या. तिच्यासाठी वाजलेल्या त्या टाळ्यांइतकी घाण तिला कधी कशाची वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाटल्या दुकानात आल्या. जया काही न बोलता एक बाटली घेऊन घरच्या शेतात गेली. काही ओळींवर फवारली, बाजूच्या तशाच सोडल्या. वेचणीला दोन्हीकडची बोंडं आणून तिनं धागे फणीनं विंचरले आणि सासऱ्यांपुढे शेजारी शेजारी मांडले.

"दिसते काही फरक, मामाजी?"

महादेवरावांनी चष्मा लावून पाहिलं. "फरक नाई, म्हणजे नुकसानबी नाई."

"तुम्ही लोकांले पाणी विकून राह्यले."

"ते मांगते, मी देतो. तुले विकायचं नसन तर नको विकू."

त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता, म्हणून पऱ्हाटी सगळ्यांचीच फुटली. नाव मात्र बाटलीचं झालं. मंदाबाई नावाची शेतकरीण दुकानात येऊन मोठ्या कौतुकानं म्हणाली, "सूनबाई, ते स्विचवालं लय चांगलं निघालं."

"तुमच्या शेजाऱ्यानं फवारलं होतं का?"

"नाई."

"त्याची पऱ्हाटी कशी आहे?"

"आमच्यासारखीच आहे." मंदाबाईनं पिशवी खांद्याला लावली. "पण त्याची जमीन भारी आहे न."

जयानं पावतीबुक पुढं ओढलं. चुकीच्या उत्तराशी भांडता येतं. इतक्या समाधानाशी नाही.

पुढच्या हंगामात धर्मेंद्र पुन्हा आला. नवी बाटली, नवं लेबल. त्यावर ठळक छापलं होतं, 'आता चालू-बंद तंत्रज्ञानासह'.

"तुमच्याच पॉइंटवरून केलं, मॅडम," तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तिला आनंद होईल.

तोंडावर आलेलं वाक्य जयानं गिळलं. "तुमचं शिक्षण किती?"

"बीकॉम. शेवटचं वर्ष राहिलं."

"हे कशावर काम करतं, तुम्हाला माहीत आहे?"

त्यानं मागं वळून पाहिलं. महादेवराव गोदामात होते. "नाई मॅडम," तो हळूच म्हणाला. "आम्हाले पाठ करायले देते. त्या कोटवाल्या साहेबालेबी."

एवढं खरं जयाशी त्या मंचावरून कुणी बोललं नव्हतं, आणि तिच्या मुलाखती घेणाऱ्यांपैकीही कुणी नाही. तिनं त्याला स्टूल दिलं, चहा सांगितला. चहा येईस्तोवर कागदाच्या पुड्यावर एक पेशी काढून तिनं त्याला बटण कसं चालतं ते समजावलं. त्यानं दोनदा मधे थांबवून विचारलं. प्रश्न बरे होते.

चहा संपवून तो उठला आणि बाटल्यांचं खोकं उचलून गोदामाकडे, महादेवरावांना माल द्यायला गेला.