झोपेत मागितलेलं पाणी

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. नवरा तर म्हणतो, हिला काही सांगणं म्हणजे गावात दवंडी देणं. म्हणू दे. एक गोष्ट मात्र राहिली आहे — पंधरा वर्षं होत आली — ती मी त्याला सांगितली नाही, आईला सांगितली नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा ती सोडून बाकीचंच सांगते. आता लिहायला बसले आहे, तर कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

संगीपासून करू. तिच्याशिवाय यात काही नाहीच.

आमचं गाव आष्टीकडचं. माझे वडील, आप्पा, तेव्हा सरपंच होते. घरी बागायत, दारात जीप. संगीच्या वडिलांची मेंढरं. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून ते चराईला बाहेर पडायचे आणि संगी शाळेसाठी आत्याकडे राहायची. आम्ही दोघी एका वर्गात, एका बाकावर, आणि पुढे एकाच तालमीत. तालीम म्हणजे काय, तर धान्याच्या एका रिकाम्या शेडमध्ये आप्पांनी गाद्या आणून टाकल्या होत्या आणि वस्तादांनी गावातल्या चार पोरी गोळा केल्या होत्या. गाद्या माझ्या बापाच्या, आणि रोज त्यांना पाठ लागायची तीही माझीच. संगी माझा पट कधी काढायची ते कळायचंच नाही. उभी आहे, उभी आहे म्हणेपर्यंत मी आडवी.

राग यायचा का? यायचा. पण ती लगेच हात देऊन उठवायची, आणि चुकलं कुठं तेही सांगायची. अशा पोरीवर राग धरायचा तरी किती वेळ? तरीही थोडासा राहत असणार. नाहीतर पुढचं झालंच नसतं.

दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आम्हा दोघींना हरियाणातल्या एका मोठ्या शिबिराचं बोलावणं आलं. दोघींचा वजनगट एकच. महिनाभर शिबिर, आणि शेवटी प्रत्येक गटातली एकच मुलगी ते तिथल्या वसतिगृहात ठेवून घेणार होते. शाळा, जेवण, कुस्ती, सगळं त्यांच्याकडे. माझ्यासाठी ती हौस होती. नाही जमलं तर नगरला कॉलेज होतंच. संगीच्या वडिलांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं: तिकडं राहिली तर राहिली, परत आली तर दिवाळीच्या आत लग्न. पाहुणे बघूनही ठेवले होते. हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहिते आहे — मला माहीत होतं.

अडचण एवढीच, की होळीपासून संगी एकदम उंच झाली होती. वजन गटाच्या वर सरकलं होतं. शिबिरात पोचल्या पोचल्या वजन होणार होतं आणि जास्त भरलं की परतीची गाडी, कारण वरच्या गटात जागा नव्हती. म्हणून वस्तादांनी तिचं आधी जेवण तोडलं, मग पाणी. नगर स्टेशनवर गाडीत चढलो तेव्हा तिनं खताच्या गोणीतलं प्लास्टिक कापून अंगाला गुंडाळलं होतं, त्यावर स्वेटर, त्यावर आणखी एक जाकीट. मे महिना होता! गालात चिंचेचा तुकडा धरायचा, तोंडाला पाणी सुटलं की खिडकीतून थुंकायचं. समोरची हिंदी बोलणारी बाई सारखी विचारायची, "बेटी को बुखार है क्या?" संगी नुसती मान हलवायची.

आम्ही दोघीही पहिल्यांदाच रेल्वेत बसलो होतो. वस्तादांची जागा पलीकडच्या डब्यात होती, ते मधूनमधून येऊन जायचे. पाण्याची बाटली माझ्याकडे होती. गाडी हलल्या हलल्या संगीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "पमे, मी पाया पडले तरी पानी देऊ नको. शिव्या घातल्या तरी न्हाई. तुला तुज्या आईची आन हाय."

आणि मी दिलं नाही. खरंच दिलं नाही. रात्रभर बाटली पिशवीत, पिशवी उशाखाली. सकाळी भोपाळ गेलं, तिचे ओठ फुटले होते, जीभ टाळूला चिकटत होती. तरी ती मागत नव्हती. मला वाईट वाटत होतं आणि तिचा अभिमानही वाटत होता. तोपर्यंत मी तिची मैत्रीण होते, एवढं तरी मला म्हणता येईल ना?

मग झाशी आलं.

वस्तादांनी घरचा वजनकाटा पिशवीत घालून आणला होता. गाडीच्या धक्क्यात काटा खोटं सांगतो, म्हणून गाडी जिथं जास्त वेळ थांबेल तिथं ते तो फलाटावर मांडायचे. झाशीला मांडला. संगीनं डब्याच्या संडासात जाऊन अंगावरचं प्लास्टिक काढलं, खाली आली, काट्यावर उभी राहिली. माणसं गोळा होऊन बघायला लागली. आकडा थांबला आणि वस्ताद लहान पोरासारखे हसले. वजन गटात आलं होतं. अगदी काठावर, पण आलं होतं. "जमलं पोरी! आता घाम बी नको, पानी बी नको. गप पडून राहायचं," म्हणाले, आणि आपल्या डब्याकडे गेले.

संगी मला मिठी मारून रडली. म्हणजे रडण्यासारखं केलं, डोळ्यांत पाणी कुठं होतं? आणि मी तिच्या पाठीवर थोपटताना — बघा, इथं माझा हात थांबतो — मी थोपटताना हिशेब केला. तोवर मला मनातून वाटत होतं की हिला काही जमणार नाही. हिचं वजन उतरणार नाही आणि आमच्या गटात मला हिची काळजी उरणार नाही. म्हणूनच तर मी इतकी चांगली वागत होते! आता ती वजनात होती. महिनाभर ती मला रोज आडवी करणार होती आणि शेवटी तीच तिथं राहणार होती. गावात लोक म्हणणार, धनगराची पोर राहिली अन् सरपंचाची परत आली.

ग्वाल्हेरला मी खाली उतरले आणि गार पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. स्वतःसाठी घेतल्या, असं तेव्हा मी मनाशी म्हणाले. दोन? एकटीला?

गाडी सुटली. खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती. संगी बाकावर तोंड उघडं टाकून झोपली होती. समोरची बाई तोंडावर पदर घेऊन आडवी झालेली. डब्यात कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

तिनं पाणी मागितलं नाही. ती बडबडली नाही, कण्हली नाही, काही नाही. मी तिच्या मानेखाली हात घातला, डोकं उचललं आणि बाटली ओठांना लावली.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे तालमीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ती अर्धवट झोपेत प्यायला लागली, आणि मग थांबेना. एक संपली. मी दुसरीचं झाकण काढून ठेवलंच होतं. तीही अर्धी झाल्यावर तिचे डोळे पूर्ण उघडले. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "पमे, म्या मागितलं का गं?"

मी म्हणाले, "हो. झोपेत."

एवढंच. याच दोन शब्दांसाठी मी इतकं लिहीत आले. पाण्याचं एक वेळ सांभाळून घेता आलं असतं. डॉक्टर म्हणतील, बरं केलंस, पोर मेली असती. पुढे हा विचार मला फार कामाला आला. पण तिचा जीव वाचवायला मी बाटली उघडली नव्हती. आणि त्या "हो"ला तर कुठला डॉक्टर काय म्हणणार?

शिबिराच्या आवारात ती पुन्हा प्लास्टिक गुंडाळून धावली, पायात गोळे येऊन पडली, उठून परत धावली. वजन थोडं जास्तच भरलं. दुसऱ्या दिवशी वस्ताद तिला घेऊन परत गेले. मी राहिले. महिन्यानंतरही मीच राहिले. मोठी कुस्ती मी कधी मारली नाही, पण खेळाडू म्हणून पुढे शाळेत नोकरी लागली. दिवाळीच्या आत संगीचं लग्न झालं. शिबिर चालू आहे असं कळवून मी लग्नाला गेले नाही. तेव्हा मला सुट्टी होती.

गावात सगळे म्हणत राहिले, संगीला तहान आवरली नाही. वस्तादही म्हणाले. माझ्या आईला मात्र माझं कौतुक वाटलं. मैत्रिणीचे हाल बघवले नाहीत माझ्या पमीला, असं ती अजून पाहुण्यांना सांगते. आणि मी अजून ऐकून घेते.

गेल्या महिन्यात वडवणीला गेले होते. संगी तिथं दिली आहे. शेरडं आहेत, थोडी जमीन आहे, नवरा बरा आहे. तिची थोरली बारा वर्षांची, आईसारखीच उंच, कुस्ती खेळते. या उन्हाळ्यात तिला बाहेरच्या राज्यात शिबिराला बोलावलं आहे. रेल्वेनं जायचं आहे आणि वजन उतरवायचं आहे. संगीनं मला त्यासाठीच बोलावलं होतं. म्हणाली, "तू संगं जा हिच्या. तू असलीस की मला घोर न्हाई."

मग लेकीला समोर बसवून तिनं सगळी गोष्ट सांगितली. झाशी, काटा, वस्तादांचं हसणं, काहीच विसरली नाही. शेवटी म्हणाली, "सगळं जमलं व्हतं गं. पन म्याच झोपेत पानी मागितलं. मावशीचा काय दोष? माज्यावानी कच्ची ऱ्हाऊ नको."

पोरीनं आईकडे बघितलं. त्या वयाच्या पोरी बघतात तसं, जरा वरून. म्हणाली, "एवढं बी सोसलं न्हाई तुला?"

संगी हसली. "न्हाई सोसलं बघ," म्हणाली.

मी बशीतले पोहे चिवडत होते. वर बघितलं नाही. "जाईन मी हिच्यासोबत," एवढं म्हणाले, आणि पोहे संपवून संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

संगीनं पाणी मागितलं नव्हतं. तिला सोसलं होतं.