शैलाने काढलेली मटारची सालं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. घरात कुणी असले विषय काढले की मी सरळ उठून जायचे. म्हणूनच इतकी वर्षं, एकदा सोडलं तर, हे कुठे बोलले नाही...

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही नाशिकला सिडकोत राहायचो. लहानशी रो-हाउसेस, दोन घरांत एकच भिंत आणि पुढे एकच लांब पायरी. शेजारी शैला. माहेर मखमलाबादचं, भाजीपाल्याची शेती. दुपारची कामं आवरली की आम्ही दोघी पायरीवर बसून भाजी निवडायचो. मटारची सालं मी टाकून द्यायचे. ती मात्र प्रत्येक सालाचा आतला पापुद्रा ओढून काढायची आणि सालांचीही भाजी करायची. मला ते कधी जमलं नाही – साल तुटायचंच.

"जाऊ दे, तू दाणेच काढ," म्हणून ती हसायची.

त्या हिवाळ्यात तिला कावीळ झाली. साधीच वाटली, मग एकदम वाढली. हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिचे मिस्टर, अनिलभाऊजी, तिच्याजवळ. घरी सासूबाई एकट्या. त्यांचं जेवणखाण मी बघायचे.

एका दुपारी मी पायरीवर मटार सोलत होते. शेजारी कुणीतरी येऊन बसलं. बघते तर शैला! गाउनवर शाल, खूप वाळलेली... पण शैलाच. मला वाटलं, डिस्चार्ज मिळाला.

"अगं, कधी आलीस?"

तिने परातीतली सालं पुढ्यात ओढून घेतली. थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाली, "आईंनी गॅसवर दूध ठेवलंय. जरा बघून ये ना."

मी गेले. दारातच गॅसचा भपकारा आला. दूध उतू जाऊन बर्नर विझलेला, बटण चालूच, आणि आतल्या खोलीत सासूबाई गाढ झोपलेल्या. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना उठवून बाहेर आणलं.

पायरीवर कुणी नव्हतं.

आमच्या घरात फोन वाजत होता. अनिलभाऊजी.

"वहिनी... शैला गेली. तासभर झाला. आईंना एवढ्यात सांगू नका."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला.

परातीत दाण्यांशेजारी सालं होती. पापुद्रे काढलेली. एकही तुटलेलं नाही.

मला रडू आलं नाही. तिला घरी आणलं, नेलं, तेव्हाही नाही. ती सालं फेकवेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकली. घरात सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. चव आठवत नाही.

गॅसचा वास मला बाहेरच आला असेल, बाकी मनाचे खेळ, असं मी स्वतःला खूपदा सांगून बघितलं. पण मग सालं?

पुढे बऱ्याच वर्षांनी भाऊजी ते घर विकून दिंडोरीकडे राहायला निघाले, तेव्हा त्यांना हे सांगितलं.

"तुमच्याशी बोलली?" त्यांनी विचारलं. "माझ्या हातात हात होता तिचा, वहिनी. पण शेवटी एक शब्द नाही बोलली."

त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"कसं झालं असेल हे?"

"माहीत नाही, भाऊजी. मला अजूनही कळलेलं नाही."

टेम्पोवाला हॉर्न देत होता. ते उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"दिसत कशी होती?"

"बरी दिसत होती," मी म्हटलं.