मर्लच्या नावाने

पोर्ट हॅलम गावात कोण गेलं, कुणाची मेंढरं रस्त्यावर आलीत, शनिवारी हॉलवर केक कुणी आणायचा नि सँडविच कुणी, हे सगळं मर्ल ट्रेगेन्झा कळवायची. आधी फोनवरून, मग ईमेलवरून. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिनंच ते अंगावर घेतलं. लांबलांबच्या शेतांवरची माणसं म्हणत, "मर्लनं कळवलंय ना? मग झालं." तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बाई भलतीच वक्तशीर. गाडीची नोंदणी, कुत्र्याचा परवाना, सगळं मुदतीच्या आधी. त्यामुळे 'तुमचं व्हायरसपासून वाचवणारं सॉफ्टवेअर आज संपतंय, लगेच रिन्यू करा' असा ईमेल आला, तेव्हा तिला आपल्या विसराळूपणाची लाजच वाटली. तिनं लिंक दाबली, मागितलेला ईमेलचा पासवर्ड भरला आणि चहा करायला उठली.

संध्याकाळपर्यंत तिच्या नावानं साऱ्या पंचक्रोशीला ईमेल गेला होता: 'मी रिन्यू केलं, तुम्हीही आजच करा.' खाली तिची नेहमीची ओळसुद्धा मेल्या चोरांनी सोडली नाही: 'किटली चढवलेलीच असते, या कधीही.' शेजारचा कीथ पास्को बँकेवर विश्वास ठेवत नाही, सरकारवर नाही, पावसाच्या अंदाजावर तर नाहीच नाही. पण मर्लचं नाव दिसल्यावर त्यानं डोळे झाकून लिंक दाबली, कार्डाचा नंबर दिला. बायकोच्या, आयव्हीच्या, आजारपणासाठी ठेवलेले पैसे गेले.

चोर पैसे चोरणारच. पण एका म्हातारीचा चांगुलपणा पांघरून तिच्याच माणसांना लुटायचं? शिसारी येते नुसती. कुणीतरी आपला स्वेटर अंगात घालून घरोघर चहा पिऊन आलंय, असं मर्लला वाटत राहिलं. तिनं कीबोर्ड व्हिनेगरनं घासून पुसला, तरी त्याला हात लावताना तिचं मन विटायचं.

"तुझा काय दोष त्यात? सोड की आता," कुंपणापाशी कीथ म्हणाला.

"तू माझं नाव बघूनच दाबलीस ना लिंक?"



तिनं पासवर्ड बदलला आणि सगळ्यांना माफी मागून लिहिलं: यापुढे माझ्या नावानं काहीही आलं तरी आधी फोन करून खात्री करा.

हिवाळ्यात आयव्ही गेली. "तूच कळव, मर्ल. माझ्याच्यानं नाही व्हायचं," कीथ म्हणाला. तिनं कळवलं.

लोकांनी तिचं ऐकलं. खात्री करायला फोन केले, आणि तेही कीथला.

"कीथ, आयव्ही खरंच गेली का रे? की हेही तसलंच काही?"

"नाही. खरंच गेली."

फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजायचा. कुंपणापलीकडून मर्लला ते ऐकवेना. ती तशीच धावत गेली आणि तिनं त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"मी मर्ल बोलतेय. हो, गेली आयव्ही. त्याला नका विचारू आता."

पलीकडचा माणूस म्हणाला,

"आवाज तुझाच वाटतोय गं. पण राग मानू नकोस, जरा कीथला दे."